म्हाताऱ्यांची प्रतिष्ठापना

म्हाताऱ्यांचा मान राखला जात नाही, तो यापुढे राखण्यात यावा, असा ठराव ब्याऐंशी साली करडीच्या भजन मंडळाने केला. मंडळात म्हातारे आम्ही दोघेच होतो. मी आणि यादोराव.

तोवर आम्ही मागे सतरंजीवर बसायचो. तो खंजेरी वाजवायचा, मी ताल चुकला म्हणायचो, मग भांडण. माझी बायको शकुन गेल्यापासून घरी माझ्याशी कोणी भांडत नव्हतं. मुलगा-सून कशालाही "हो बाबा" म्हणायचे. भांडायला यादोरावच उरला होता.

सप्ताहात आम्हाला मंचाच्या दोन टोकांना दोन खुर्च्या मिळाल्या.

"मले त्याच्याजवळ बसू द्या," मी अध्यक्ष केशवरावांना म्हणालो.

"नाही जी बाबाजी, शोभा जाते."

श्रम नकोत म्हणून खंजेरी काढून घेतली. लोक पाया पडू लागले. गर्दी वाढली, म्हणून भोवती बांबू बांधले. नारळ फुटले. मग नैवेद्य आला. ताट आम्हाला दाखवलं, भोवती पाणी फिरवलं आणि प्रसाद म्हणून गावात वाटून टाकलं.

"अबे भोज्या, वडे गेले ना!" यादोराव तिकडून ओरडला.

"तू काहून पाहत बसला बे? हात घालायचा होता!"

"बोलू नका जी," केशवराव कळवळले, "लोकायची श्रद्धा उडते."

सप्ताह संपला. आम्ही उठू लागलो, तर केशवरावांनी खांदे दाबले. ज्याची पूजा झाली ते असंच उठवता येत नाही, गावाला दोष लागतो. विसर्जन करावं लागतं.

बैलबंडी सजली. गुलाल, बँड.

"आमाले बुडवून राहिले का तुमी?" मी केशवरावांना विचारलं.

"कमरेएवढंच पाणी आहे जी. मान पूर्ण झाला पाहिजे."

माझ्याच मुलाने मला आदराने उचललं. तळ्यात तीनदा बुडवलं आणि सोडून दिलं. शेजारी यादोराव आपटला. उठताच त्याने माझ्या तोंडावर पाणी फेकलं.

"तुह्याच पायी झालं हे सारं!"

"माह्या? खुर्चीवर फुगून कोण बसला होता बे?"

आम्ही पोटभर भांडलो. हसता हसता ठसका लागला. मग पाय चिखलात रुतले, थंडी वाजू लागली, आणि मी काठाकडे पाहिलं. सारं गाव उभं होतं, मुलगाही. सगळ्यांनी हात जोडले होते, त्यामुळे आम्हाला ओढून काढायला एकाचाही हात रिकामा नव्हता.

तुमचे हात तरी रिकामे कसे असतील? दोन्ही हातांनी पुस्तक धरलं असेल.