बिजागरीची ठाम भूमिका

ज्या वस्तूला स्वतःचं मत नाही तिच्यावर ग्राहकाचा जीव जडत नाही, हे आता सर्वमान्य झालं आहे. (सर्वमान्य म्हणजे, आमच्या संचालकांना एका परिसंवादात चहाच्या सुट्टीत कुणीतरी तसं सांगितलं.) आमची कंपनी चव्वेचाळीस वर्षं बिजागऱ्या करते. एवढ्या काळात आमच्या बिजागरीनं दारं उघडली, दारं लावली, पण समाजातल्या एकाही ज्वलंत प्रश्नावर ती चकार शब्द बोलली नाही. असा घुमेपणा किती दिवस खपवून घ्यायचा?

तेव्हा प्रश्न शोधायला समिती नेमली. अडचण अशी की, चांगले चांगले प्रश्न आधीच लोकांनी पटकावले होते. स्त्री-पुरुष समानता साबणवाल्यांनी नेली होती, झाडं बूटवाल्यांनी, आणि म्हाताऱ्यांचा एकटेपणा एका गाद्यांच्या कंपनीनं पुढच्या तीन वर्षांसाठी अडवून ठेवला होता. शेवटी एक प्रश्न मोकळा सापडला. लग्न झालेल्या मुलानं आईवडिलांबरोबर राहावं, की वेगळं बिऱ्हाड करावं? घरोघरी पेटलेला प्रश्न, आणि घर म्हटलं की दार आलंच. समितीनं विचार केला. वेगळे राहिले तर दारं वाढतात. एकत्र राहिले तर आहेत तीच दारं दिवसातून जास्त वेळा आपटली जातात आणि बिजागऱ्या लवकर झिजतात. दोन्हीकडून खप सारखाच वाढत असल्यामुळे कंपनीला केवळ सदसद्विवेकबुद्धीला स्मरून निर्णय घेता आला. धंद्यात असा योग क्वचित येतो.

भूमिका ठरली, आणि चांगली ठाम ठरली. चौकाचौकात फलक लागले, प्रत्येक खोक्यावर ती छापली गेली. मी तोवर तक्रारींच्या खिडकीवर बसत असे. खिडकीवरची पाटी काढून तिथे ‘भूमिका कक्ष’ अशी पाटी आली आणि मी बसल्या जागी भूमिका अधिकारी झालो. घरी आई आणि बायको या दोघींपैकी एकीनं माझी पाठ थोपटली आणि दुसरीनं आठवडाभर अबोला धरला. (कोणी काय केलं ते सांगत नाही. मला अजून त्याच घरात राहायचं आहे.)

लोकांचा प्रतिसाद डोळ्यांत पाणी आणणारा होता. एका बाईंनी आमची बिजागरी काचेच्या कपाटात मांडून ठेवल्याचं कळवलं. विरोधकही मागे नव्हते. त्यांनी खोकीच्या खोकी विकत घेतली आणि कारखान्याच्या फाटकावर फेकून निषेध केला. (त्या महिन्याचा खप विक्रमी आहे.) एका गृहस्थांनी निषेध म्हणून घरातली झाडून सगळी दारं उतरवली. दुसऱ्या दिवशी त्यांचंच पत्र आलं, की न्हाणीघराच्या बाबतीत काही तात्पुरती सोय सुचवावी. पुढे चौकशीत निघालं, की त्यांच्या बिजागऱ्या आमच्या नव्हत्याच.

टपाल एवढं वाढलं, की ते फोडायला माणूस कमी पडू लागला. तेव्हा कारखान्यातल्या तपासनीसाला वर बोलावलं. हा माणूस एकोणीस वर्षं प्रत्येक बिजागरी हातात घेऊन उघडझाप करून बघायचा आणि मधली दांडी ओढून पाहायचा. इतका चिकाटीचा माणूस खाली वाया जात होता.

अशात एका गुरुवारी सुतारकाका आले. आमचं गिऱ्हाईक म्हणजे खरं तर हेच. दाराला कोणती बिजागरी लावायची हे सुतार ठरवतो, घरमालकाला ती आहे हेही ठाऊक नसतं. तीस वर्षं काकांनी आमच्याखेरीज दुसरा माल हातात धरला नव्हता. आता त्यांनी एका नव्या शाळेची अडतीस दारं बसवली होती, सोमवारी शाळा उघडायची होती, आणि अकरा दारं खाली बसून फरशीला घासत होती. त्यांनी पिशवीतून एक कोरी बिजागरी काढली आणि दोन बोटांनी तिची दांडी अलगद बाहेर ओढून माझ्यासमोर ठेवली.

मी फॉर्म पुढे केला. फॉर्मवर दोनच चौकोन होते, सहमत आणि असहमत. काका म्हणाले, ते दांडीबद्दल बोलायला आलेत. दांडीला चौकोन नव्हता. मग सहमत आधी छापलं होतं म्हणून त्यांनी त्यावर खूण केली. संध्याकाळी त्यांना आभाराचं पत्र आणि छातीला लावायचा बिल्ला पोचला.

शुक्रवारी ते पुन्हा आले. घासणारी दारं एकोणीस झाली होती. या खेपेला त्यांनी असहमतवर खूण केली. कंपनीला मतभेदाचा फार आदर आहे, त्यामुळे शनिवारच्या जाहीर चर्चेत विरोधी बाजूचे वक्ते म्हणून त्यांना रीतसर बोलावणं गेलं. तिथे तरी कुणी मोठा साहेब दांडी बघेल, या आशेनं काका गेले. त्यांची बोलायची पाळी आली. व्यासपीठावर उभं राहून त्यांनी बिजागरी वर धरली, दांडी उपसली, आणि दोन पाती दोन हातांत सुटी झाली.

सभागृह उठून उभं राहिलं. निम्म्या लोकांना त्यात वेगळं होऊन मोडलेलं घर दिसलं आणि निम्म्यांना बळजबरीनं एकत्र डांबल्यामुळे मोडलेलं. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या. संचालकांनी काकांना मिठी मारली आणि त्या दोन पात्यांसकट फोटो काढून घेतला.

जिन्यात काका मला भेटले. आवाज चढलेला नव्हता.

“साहेब, दार घासलं की लोक बिजागरीला शिव्या देत नाहीत, सुताराला देतात. तीस वर्षांत माझं दार कधी वाजलं नव्हतं. एवढंच कमावलंय मी.”

मला फार वाईट वाटलं. तसं मी नोंदवूनही ठेवलं असतं, पण त्याला रकाना नव्हता.

पुढच्याच आठवड्यात ग्राहकनिष्ठेची पाहणी झाली. एक्क्याण्णव टक्के लोकांनी आमच्यावरचं प्रेम किंवा संताप तीव्र शब्दांत व्यक्त केला. (दोन्ही एकाच रकान्यात मोडतात, उदासीन माणूस तेवढा धोक्याचा.) आपल्या दाराला कुणाची बिजागरी आहे, हे त्यांच्यापैकी चौघांना सांगता आलं. सुतारांना पाहणीत घेतलं नव्हतं, कारण त्यांना मतं नसतात.

ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, शिकल्यासवरलेल्यांना, कंपन्यांच्या या सोंगांवर पोट धरधरून हसणाऱ्यांनाही. ऐकून झालं की माणूस जरा पुढे सरकतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो, “पण काय हो, कंपनीनं नक्की बाजू कुणाची घेतली होती? एकत्र, की वेगळं?” सोमवारी त्या शाळेची दारं लागली का, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही तेच विचारणार होतात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आधी बाजू कोणती ते सांगून टाकू का?