रिमोटला कोळ्याची गाठ

दिवाळीपासून तिसऱ्यांदा गोपीनाथच्या रिमोटची वायर तुटली. रिमोट म्हणजे टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा, लांब वायरीचा आणि दोन लाल बटणांचा. गेम त्याने कल्याणच्या बाजारातून आणला तो मुलीसाठी. मुलगी अजून रांगत होती, हा भाग वेगळा. खेळायचा तोच. पडद्यावरच्या गड्याला खड्ड्यावरून उडी मारायची झाली की नुसतं बटण दाबून त्याचं समाधान होत नसे. रिमोटसकट दोन्ही हात वर जायचे आणि सगळा झटका रिमोटच्या मानेशी वायरला बसायचा.

"अहो, उडी त्याने मारायचीय, तुम्ही नाही," बायको कांता म्हणायची.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने दोनदा डाग देऊन वायर जोडली. दोन्ही वेळा ती आठवडाभर टिकली.

"हिकडं आण," कोपऱ्यातून दामाजी म्हणाला.

दामाजी म्हणजे गोपीनाथचा बाप. चाळीस वर्षं त्याने ठाण्याच्या खाडीत जाळी टाकली. मासा मिळेनासा झाला तसा होडी विकून तो चेंदणी कोळीवाड्यातल्या घरात बसला. तेव्हापासून त्याच्या हाताला कुणी काम सांगितलं नव्हतं. गळक्या नळाला चिंधी बांधायची तरी गोपीनाथ प्लंबर बोलवायचा. बापलेकात भांडण नव्हतं. भांडायलाही काहीतरी बोलावं लागतं.

"बाबा, तुला नाय जमणार. इलेक्ट्रॉनिकचं काम आहे ते."

"तारंला वढ बसतंय म्हनून ती तुटतंय, बरोबर? मंग वढ दोऱ्यानं खावी. तार मोकली ऱ्हाईल."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा डाग देऊन आणल्यावर दामाजीने चष्मा लावला, जाळ्याचा नायलॉन दोरा काढला आणि रिमोटच्या मानेला असे वेढे घातले की बघत राहावं. वायर पंधरा दिवस टिकली. गोपीनाथने कंपनीत चारचौघांना ती गाठ वर्णन करून सांगितली. दामाजी त्या पंधरवड्यात चहा मागून घ्यायला लागला.

पण वायर तुटेना म्हटल्यावर झटका पुढे सरकला. आता वायरीच्या दुसऱ्या टोकाची पिनच गेमच्या मशीनमधून उपटून यायला लागली आणि तिची खोबण सैल झाली. दामाजीने पिन मशीनला बांधली. मग मशीनच शोकेसवरून खाली यायला लागलं. दामाजीने मशीन टीव्हीच्या पायाला बांधलं.

"आता तुफान येऊंदे. हालायचं नाय."

"बाबा, आता पुढे काय तुटणार?" कांताने विचारलं. ती भाजी निवडत होती, त्यामुळे तिचा प्रश्न कुणी मनावर घेतला नाही.

रविवारी सगळ्यात मोठा खड्डा आला. गोपीनाथ बसल्या जागी सबंध उडाला. वायर तुटली नाही, पिन निघाली नाही, मशीन सुटलं नाही. टीव्ही आला. खाली गाद्यांची घडी होती म्हणून काच वाचली, पण त्या दिवसापासून बातम्या देणाऱ्या बाईचा एक गाल हिरवा दिसायला लागला.

"गाठ सुटली नाय," दामाजी म्हणाला. ते खरं होतं, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

"बाबा, यापुढे या घरात कशालाच हात नको लावू!" गोपीनाथ ओरडला.

दामाजी दोन दिवस ओट्यावर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं ते लाज वाटण्यासारखंच होतं. जाळ्याला खालून वजनाचे धोंडे लावतात ते मुद्दाम कच्च्या सुताने. धोंडा तळाशी अडकला तर सूत तुटावं. धोंडा गेला तरी चालेल, जाळं घरी आलं पाहिजे, हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं होतं. खाडीत त्याने ते जन्मभर पाळलं आणि घरात मात्र सगळं नायलॉनने आवळलं. आपल्या हातचं तुटत नाही, हे त्याला एकदा मुलाला दाखवायचं होतं.

गोपीनाथ कामावर गेल्यावर दामाजीने टीव्हीची आणि पिनेची गाठ सोडली. मशीन शोकेसवर मोकळं ठेवलं आणि सैल पिन कांताच्या शिवणाच्या दोऱ्याने बांधली. संध्याकाळी खड्डा आला, दोरा तुटला, पिन निघाली. मशीन जागच्या जागी राहिलं.

"परत तुटलं! बाबा, तू हात लावलास?"

"लावला. तुटूंदे त्याला. तुजा टीव्ही हाय ना जाग्यावर?"

गोपीनाथने टीव्हीकडे पाहिलं, मग तुटक्या दोऱ्याकडे. तो मशीन उचलून बापाजवळ जाऊन बसला. "बांध," म्हणाला.

तेव्हापासून दर रविवारी दोरा तुटायचा. गोपीनाथ मशीन घेऊन ओट्यावर यायचा आणि दामाजी बांधेपर्यंत शेजारी बसायचा. नुसतं बसून कसं राहायचं, म्हणून तो कंपनीतलं काहीबाही सांगायचा. दामाजी खाडीतलं सांगायचा. एकदा दोघं होडीबद्दल बोलले. ती विकल्यापासून घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

एका आठवड्यात गोपीनाथला रोज ओव्हरटाइम होता. घरी येऊन जेवायचा आणि झोपायचा. गेम लावायला त्याला वेळच मिळाला नाही. तरी रविवारी तो मशीन घेऊन ओट्यावर आला.

"तुटला बघ परत."

दामाजीने दोरा बोटांत धरून उजेडाकडे केला. तुटलेल्या दोऱ्याची टोकं पिंजलेली असतात. हे टोक सरळ होतं, कात्रीने कापलेलं.

"लय जोरात खेचलंस वाटतं," तो म्हणाला.

"हो ना," गोपीनाथ रस्त्याकडे बघत म्हणाला. "खड्डा मोठा होता."

दामाजीने मान डोलावली, चष्मा पुसला, आणि एरवी दोन गाठींत होणारं काम त्या दिवशी सात गाठी मारून केलं.