सदर वाहन आणि सदर इसम

गाडी विकायचं ठरलं तेव्हा ती उत्तम चालू स्थितीत होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं त्यात गाडीचा काडीचा दोष नाही.

गाडी अमेरिकन. वयानं माझ्या वडिलांएवढी आणि लांबीला एवढी की वळवायची म्हणजे आधी चौक शोधायचा. मागं दोन शेपट्या, माशाच्या असतात तशा. घेतली तेव्हा ती भंगारात पडली होती. मी गॅरेजवाला माणूस, मला राहवेना. हळूहळू नटवली. इंजिन पावाच्या टेम्पोचं टाकलं. बंद पडलेल्या थेटरातल्या खुर्च्या बसवल्या, त्यामुळं माणूस उठला की सीट फटकन मिटते. आत उजेडाला दाताच्या डॉक्टरकडचा जुना दिवा. दाराला घरासारखी बेल. हॉर्न म्हणून गिरणीचा भोंगा बसवला होता. पहिल्यांदा वाजवला तेव्हा समोरच्या कारखान्यातली माणसं सुट्टी झाली समजून डबे उचलून घरी गेली. रंग हिरवा, त्यावर ज्वाला. ज्वाला मी स्वतः काढल्यात. लोक त्यांना कोबी म्हणतात, पण लोकांचं काय.

आता माझी एक सवय आहे. नवीन भाग बसवला की जुना फेकायचा नाही, गल्लीत ज्याच्या उपयोगाला येईल त्याला द्यायचा. गाडीचं मूळ इंजिन धोबी घेऊन गेला, त्यावर त्याचं कपडे धुवायचं पिंप फिरतं. मागची मूळ सीट न्हाव्याकडं. बॉनेट शेजारणीच्या खुराड्यावर, खाली कोंबड्या. मेव्हण्यानं दारं नेली, न्हाणीघराला लावली. त्याला आंघोळ करताना काच खाली करून बाहेरच्याशी बोलता येतं.

विकायची वेळ आली ती घरच्यांमुळं. माझी बायको शिवणकाम करते. मशीन स्वयंपाकघरात, कापडं बिछान्यावर, आणि आमटीत दोरा सापडला नाही असा दिवस नाही. एके दिवशी तिनं पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, त्या शेडमध्ये एक तर तुमची गाडी राहील, नाहीतर माझी मशीन. आणि मशीन जिथं नसेल तिथं मीपण नसेन. ताई कधीची बोलावतेय."

ताईचं घर मोठं आहे. मी घाबरलो.

गिऱ्हाईक लगेच मिळालं, आमचा फोटो स्टुडिओवाला. लोकांना गाडीत बसवून फोटो काढायचे म्हणाला, सध्या जुन्या वस्तूंची फॅशन आहे. फक्त गाडी एकदम ओरिजिनल पाहिजे. मी म्हटलं, अशी दुसरी दाखव कुठं. त्याला पटलं.

नाव बदलायला दोघं वाहन कार्यालयात गेलो. साहेबांनी कागद पाहिला, गाडी पाहिली, परत कागद पाहिला. कागदावर रंग काळा. इंजिन वेगळं. दारं वेगळी. बेलचा उल्लेख नाही. चष्मा पुसून ते म्हणाले, "हे वाहन सदर वाहन नाही."

"मग सदर वाहन कुठंय?"

"तेच तुम्ही सांगायचं."

इथं माझं चुकलं. मी खरं सांगितलं.

साहेबांना एवढा आनंद झाला की ते टेप घेऊन स्वतः गल्लीत आले. पिंप पाहिलं, खुराडं मोजलं, मेव्हण्याला न्हाणीघरातून ओला बाहेर काढला. मग निकाल दिला. सदर वाहन अस्तित्वात आहे, पण ते गल्लीभर विखुरलेल्या अवस्थेत उभं आहे. नंबरप्लेट माझ्या गाडीवरून काढून त्यांनी न्हाव्याकडच्या सीटला ठोकली.

तिथून सगळं नियमानं होत गेलं. सीट वाहनाची, म्हणजे बसणाऱ्याला पट्टा सक्तीचा. इंजिन वाहनाचं, म्हणजे धोब्याच्या पिंपाची धुराची तपासणी. कोंबड्या बॉनेटखाली, म्हणजे जादा प्रवासी. आणि गल्लीत उभं राहायला वाहनाला मनाई असल्यामुळं गल्लीलाच गल्लीतून हलायची नोटीस.

न्हावी वस्तरा घेऊनच माझ्याकडं आला. "मिस्त्री, तुमच्या उपकारापायी मी गिऱ्हाइकाला बांधून दाढी करतोय," म्हणाला. पण गिऱ्हाईक वाढलं हेही त्यानं कबूल केलं. बांधलेला माणूस भाव विचारून उठून जात नाही.

इकडं बायकोनं ट्रंक काढली. मी धावत पुन्हा कार्यालयात, स्टुडिओवाल्याला ओढतच नेला. म्हटलं, साहेब, तुम्ही ज्याला गाडी म्हणाल ती विकतो, पण विकू द्या. साहेब म्हणाले, हरकत नाही, मालकानं सही करावी. आणि माझं ओळखपत्र मागितलं.

फोटोत दाट काळे केस, झुपकेदार मिशी, सगळे दात. समोर मी. टक्कल, कवळी, डोळ्यात भिंग, गुडघ्यात स्टील.

"यातलं मूळ काय शिल्लक आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाक," मी म्हटलं.

त्यांनी नाक मोजलं. वाढलेलं निघालं. फोटोतले केस तरी खरे होते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा स्टुडिओवाला खिडकीबाहेर बघायला लागला, कारण ते त्यानंच रंगवले होते.

"आपण मालक नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "आपण मालकाचे बदललेले भाग आहात."

विक्री बारगळली. शेडमधल्या वस्तूचं काय करायचं विचारलं, तर साहेबांनी लिहून दिलं की ते वाहन नाही. छत आहे, दार आहे, दिवा आहे, बेल आहे, तेव्हा ती खोली समजावी.

तो कागद बायकोनं वाचला आणि ट्रंक परत माळ्यावर टाकली. संध्याकाळपर्यंत मशीन गाडीत. दाताच्या डॉक्टरचा दिवा बरोबर सुईवर पडतो. बायका बेल वाजवून आत येतात, माप देतात, थेटरच्या खुर्चीवर बसून गप्पा मारतात. शेड तिची, गाडीही तिची. उरलो मी.

"साहेब म्हणतात, तुम्ही ते नव्हेच," ती दोरा ओवत म्हणाली. "मग ताट कुणाचं वाढू?"

माझा चेहरा पडला असणार. तिनं मान वर केली, खालपासून वरपर्यंत मला नीट बघितलं. "माझा नवरा घोरायचा," ती म्हणाली. "तुम्हीपण घोरता, अगदी त्याच सुरात. एवढा एक भाग मूळचा दिसतोय. बसा जेवायला."

तर असं झालं. तुम्ही हसताय, ते ठीक आहे. पण आमची गल्ली साहेबांची मोजून झालीय, आता ते टेप घेऊन तुमच्याकडं निघालेत. तोवर एक करा. तुमचं ओळखपत्र काढा, आरशापुढं उभं राहा आणि त्या फोटोतल्या माणसाला शोधा. नाही सापडला तर घरच्यांना विचारा, मी घोरतो का.

नाही म्हणाले, तर अवघड आहे.