किशनमामांची लाईन

खोली भाड्याने देताना माणसं गाव विचारतात, नवरा काय करतो ते विचारतात, घरात किती जण राहणार ते विचारतात. किशनमामांनी माझी चप्पल मागितली.

मी दारातच काढून दिली. समोर उंचापुरा, छतालाच टेकेल असा माणूस, पांढऱ्या मिशा, अंगात बंडी. त्यांनी चप्पल उलटी केली, तळाशी अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"गुळगुळीत झालीया. हिच्यावर तुमी आमच्या मोरीत जाणार?"

मला वाटलं, गेली खोली. कोकणातून नवऱ्याच्या मागोमाग पूर्णेला आलेली मी, शाळा सातवीलाच सुटलेली, गावात ओळखीचं एक माणूस नाही. तेवढ्यात मामा आत गेले आणि खरखरीत तळाच्या नव्या कोऱ्या सपाता घेऊन आले. "ह्या घाला. भाड्याचं मग बोलू." असे चार-पाच जोड त्यांनी आणून ठेवले होते, सगळे एकाच मापाचे. माझं नशीब, ते माप माझंही होतं.

माप मामींचं होतं. मामी दिवाळीच्या आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन नांदेडला झालं, तेव्हापासून त्या तिथेच लेकीकडे होत्या. रेखाताईंनी बापाला साफ सांगितलं होतं, "त्या घरात मी आईला परत पाठवणार न्हाई." मामींना तिकडे करमत नव्हतं. रोज फोन यायचा. मामा कानाने अधू, त्यामुळे फोनचा आवाज मोठा, आणि बोलणं अख्ख्या गल्लीला पाठ.

"कधी न्यायलाव मला?"

"लाईन तयार न्हाई अजून."

"तुमची लाईन तयार होईस्तोर मी वर जाईन."

"वर कशाला? तिकडं कोन हाय? इकडं ये."

मामा रेल्वेत चावीवाले होते. रोज रुळाच्या कडेने चालत जायचं आणि निसटलेल्या चाव्या हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी चालणं सुटलं नव्हतं, फक्त रूळ घरात आले होते. पलंगापासून चुलीपर्यंत मेन लाईन, पलंगापासून मोरीपर्यंत लूप. सकाळी चहा झाला की हातोडी घेऊन निघायचे आणि एकेक फरशी ठोकायचे. बद्द आवाज आला की थांबायचे. "ही हालायलीया." दुपारपर्यंत गवंडी हजर.

दारातली पायपुसणी त्यांनी आधीच हद्दपार केली होती. उंबऱ्यांना पिवळा रंग दिला होता. मोरीतला दिवा दिवसाही चालू. शेजारच्या शांताबाई म्हणायच्या, "मामा, घराला स्टेशन करून टाकलं, आता एक चहाची टपरी टाका." मामा शांतपणे सांगायचे, "बाई, पडायला टाईम लागत न्हाई. उठायला लागतो."

सगळ्यात अवघड म्हणजे फरशी पुसणं. स्वयंपाकघर आमचं एकच, म्हणून ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं. मी ओलं फडकं फिरवलं की मामा खोलीच्या तोंडाशी स्टूल टाकून लाल झेंडा घेऊन बसायचे. फरशी वाळेपर्यंत कोणी हलायचं नाही. एकदा मी पलंगाच्या बाजूला अडकले आणि चुलीवर दूध चढायला लागलं.

"मामा, दूध."

"जाऊ द्या दूध. दुधाला हाडं न्हाईत."

दूध उतू गेलं. पार फरशीपर्यंत वाहिलं. तेही मग मामांनीच पुसलं, आणि परत झेंडा लावला.

मी मुळातच भित्री. गाडी चुकेल, कुणी रागावेल, गावाकडून वाईट फोन येईल, काहीतरी चालूच असतं डोक्यात. पण त्या घरात माझ्या वाट्याची काळजीही मामाच करायचे, त्यामुळे मला पहिल्यांदा जरा झोप लागायला लागली. एका संध्याकाळी मी आईला फोन करून विचारलं, मागच्या पायरीवर शेवाळ किती चढलंय? आई म्हणाली, "तुला आज बरी आठवली पायरी."

मग भिंतीला धरायचा पाईप बसवायचा ठरला. प्लंबर आला आणि मामांनी दाखवलेली खूण बघून हसायला लागला. "मामा, ह्ये तर तुमच्या मांडीला लागायलंय. वर घ्या की."

"तू पाईप बसव. मांडी माझी हाय."

पाईप तिथेच बसला. मामा रोज तो धरून, कमरेत वाकून, दोन्ही लाईनींवरून जाऊन यायचे.

एका दुपारी मी भाजी घेऊन लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मामा. बंडीवर मामींचं हिरवं पातळ नेसलेले, पदर खोचलेला, मिशा तशाच. उंचीला पातळ पुरेना म्हणून गुडघ्यात वाकून, निऱ्या जमिनीवर लोळवत, पाईप धरून ते मेन लाईनवरून चालले होते. मला हसू आवरेना. मी तोंडावर पिशवी धरली.

मामांनी वळून पाहिलं. लाजले नाहीत. "थांबा बाई. कुटं अडकतंय ते बघायलोय."

उंबऱ्याशी पाऊल उचललं, आणि निरी अडकली.

मामा तिथेच खाली बसले. उंबऱ्यावर लोखंडी पट्टी होती, लाकूड झिजू नये म्हणून त्यांनीच कधीकाळी मारलेली. तिच्या कडेला एक खिळा वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पिवळ्या रंगाखाली तो दिसतसुद्धा नव्हता. मामी सगळ्यांना सांगायच्या, मला चक्कर आली, मीच धांदरट.

माझं हसू गेलं. मामांनी खिळ्यावर बोट ठेवलं.

"सारी उमर लोकायच्या गाड्यांच्या चाव्या ठोकल्या," ते म्हणाले. "घरातली एक निसटली, दिसली न्हाई."

मग हातोडी मागितली. खिळा ठोकला नाही, उपटला, आणि पट्टीही काढून टाकली. संध्याकाळी नांदेडला फोन स्वतःहून लावला. "रेखा, लाईन तयार हाय. तू बघ आन् मगच आईला उतरव."

रेखाताई आल्या. मामींना रिक्षातच बसवून त्यांनी घर पाहिलं, पाईप ओढून पाहिला, मोरीत पाय घासून पाहिला. मग बाहेर जाऊन आईला हात दिला.

मामी वॉकर घेऊन आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, धापा टाकणाऱ्या. पाईप बरोबर त्यांच्या मुठीत बसला. स्वयंपाकघराच्या दाराशी मामा हिरवा झेंडा घेऊन उभे.

"बाबा, ठेवा ना तो झेंडा," रेखाताई म्हणाल्या.

"असू दे गं," मामी म्हणाल्या. "त्याबिगर हे गाडी सोडायचे न्हाईत."

त्यांनी उंबरा ओलांडला. मामा त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर साडीच्या काठावर होती. काठ लाकडावरून सरकला आणि पलीकडे गेला. मामांनी झेंडा गुंडाळला, परत उलगडला, परत गुंडाळला.

थोडा दम घेऊन मामींनी कपाट उघडलं आणि हिरवं पातळ बाहेर काढलं. घडी उलटी होती, काठ आत. त्यांनी ती निरखली, मग माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडत राहिले.

"पोरी, हे कोन नेसलं होतं?"

मामा भिंतीकडे तोंड करून पाईप पुसत होते, मघाशीच पुसलेला.

मामींनी पातळ नाकाशी नेलं, हुंगलं आणि तसंच, उलट्या घडीचं, परत कपाटात ठेवलं.