गॅरेजसमोरचं झाड

सकाळी मास्तरांनी गॅरेजचं शटर वर केलं, तर समोर झाड उभं. काल नव्हतं. छातीएवढं रोप, बांबूचा आधार, भोवती ओल्या मातीचं आळं. आणि तेही गाडी बाहेर काढायच्या वाटेच्या बरोबर मधोमध.

नव्या वसाहतीत रस्त्याकडेला दर सहा मीटरवर एक झाड लावायचं ठरलं होतं. मास्तरांनी जन्मभर भूमिती शिकवलेली. त्यांनी टेप लावली. हे झाड शेजारच्या झाडापासून दोनच मीटरवर होतं. ते तडक वसाहतीच्या ऑफिसात गेले. बागांचं काम बघणाऱ्या साहेबांनी नकाशा उलगडला. गॅरेजसमोर ठिपका होता. मास्तरांनी बोट ओलं करून पुसला, तर तो निघाला.

"ही माशीची घाण आहे," मास्तर म्हणाले.

"असेल. माळ्याला झाड वाटलं," साहेब म्हणाले. "पण आता लावलंय ना. जिवंत झाड तीन वर्षं हलवायचं नाही, असा नियम आहे."

"आणि माझी गाडी?"

"गाडीचा नियम नाही."

गाडी खरं तर बायकोची. मास्तरांना चालवता येत नव्हती. चार महिन्यांपूर्वी ती गेली, तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. मुलीने गिऱ्हाईक शोधलं होतं. ते शनिवारी आलं, गाडीभोवती एक चक्कर मारली, झाडाभोवती एक मारली, आणि "वाट मोकळी झाली की कळवा" म्हणून निघून गेलं.

"बाबा, पाणी घालू नका त्याला," मुलगी म्हणाली. "वाळलं की काढतील."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"काही करायचंच नाहीये. नुसतं बसून राहायचं."

ते मास्तरांना चांगलं जमत होतं. रोज दुपारी ते गाडीत जाऊन बसत, चालकाच्या शेजारी, त्यांच्या नेहमीच्या जागेवर. पलीकडच्या सीटवर बायकोची उशी तशीच होती. समोरच्या काचेतून झाड दिसे. त्याची पानं पिवळी पडली, मग गळली.

एका शुक्रवारी माळ्याने खोडाची साल खरवडून पाहिली. "गेलं, मास्तर. साहेब सोमवारी बघतील, की लगेच काढतो."

मुलीने त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाला फोन केला. मास्तरांना जेवण गेलं नाही.

रविवारी मुलगी बाजारात गेल्यावर ते बसने रोपवाटिकेत गेले. तसलंच, तेवढंच रोप निवडलं.

"कुठे लावणार?" रोपवाटिकेतल्या बाईंनी विचारलं.

"गॅरेजसमोर."

"गाडी नाही वाटतं तुमच्याकडे?"

"आहे," मास्तर म्हणाले.

जुनं रोप उपटून नवं लावेपर्यंत त्यांचे गुडघे बोलायला लागले होते.

सोमवारी साहेब आले आणि हिरव्यागार पानांकडे पाहतच राहिले. माळ्याने आधी ओली माती पाहिली, मग मास्तरांची नखं पाहिली, आणि तो आपल्या चपलांकडे बघू लागला.

"तुमचं नशीबच वाईट, मास्तर," साहेब हळहळले. "मेलेलं झाड उठून बसलं. आता तीन वर्षं काही करता येणार नाही."

मुलीने कपाळाला हात लावला. मास्तरांनीही तोंड जमेल तितकं पाडलं.

"तीन वर्षं म्हणजे कालपासून ना?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी मान वर केली. माळी घाईघाईने खोकला.

"बाईसाहेब गेल्यापासून तारखांचा घोळ होतो त्यांचा," तो म्हणाला, आणि पाणी आणायला गेला.