पाच वेलांट्या

“शब्दाचं शेवटचं अक्षर अकारांत असलं, की त्याआधीची वेलांटी दीर्घ. डोळे झाकून दीर्घ!” छापखान्याच्या मालकांचा हा आवाज निवृत्तीनंतरही सासूबाईंच्या कानांतून गेला नव्हता. तीस वर्षं मुद्रितं तपासलेला त्यांचा हात. वाणसामानाच्या यादीतही तो चुका काढी.

टेबलावर सुनेचा कागद दिसताच तो शिवशिवला. सून डोळ्यांच्या दवाखान्यात घोषणा करायच्या कामाला लागली होती. आज मोठे डॉक्टर स्वतः ऐकणार आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवणार. इंग्रजी वाक्य तिनं देवनागरी अक्षरांत उतरवलं होतं : ‘प्लीज फिल धिस स्लिप अँड सिट स्टिल.’ म्हणजे, ही चिठ्ठी भरा आणि स्वस्थ बसा.

“अगंबाई, एका ओळीत पाच चुका! संस्कृतातून आलेत का हे शब्द? नाही ना? मग सवलत नाही.” लाल पेन्सिलीनं पाचही वेलांट्या दीर्घ झाल्या.

मग सुनेचं कौतुक ऐकायला त्या दवाखान्यात जाऊन बसल्या. तिथे नुसता गलका. तेवढ्यात सुनेनं कागदावरचं अक्षरन् अक्षर जसंच्या तसं वाचलं, “प्लीज फील धीस स्लीप अँड सीट स्टील.”

“काय म्हणाली हो?” शेजारच्या काकूंनी एका निवृत्त कप्तानांना विचारलं.

“ही झोप अनुभवा, म्हणतेय.”

“आणि पुढे?”

“सीट स्टीलची आहे.”

काकूंनी खुर्चीवर टिचकी मारली. “आहे खरी!” खुर्चीचं खरं निघाल्यावर झोपेवरही विश्वास बसला. काकूंनी डोळे मिटले. त्यांचं बघून अख्ख्या रांगेनं मिटले. चिठ्ठ्या कोऱ्याच राहिल्या.

“अहो, पण स्लिप म्हणजे चिठ्ठी ना?” सासूबाई घाबरून म्हणाल्या.

“आखूड म्हटलं तर चिठ्ठी, लांबवलं तर झोप,” कप्तान जांभई देत म्हणाले. “आपलं दिन आणि दीन असतं ना, तसं.” आणि ते घोरू लागले.

मोठे डॉक्टर बाहेर आले. “हे कुणी केलं?”

सून पांढरीफटक पडली. सासूबाई उठल्या. “मी. पोरीला काढू नका हो. तुम्ही सांगाल ते करीन.”

“वचन?”

“वचन.”

“दहा वर्षं मी सांगतोय, थेंब घातल्यावर डोळे मिटून बसा. एक माणूस ऐकेल तर शपथ! चिठ्ठ्या भरू मागाहून. सूनबाई, तुम्ही आजपासून कायम. आणि आजी, हे वाक्य मला भिंतीवर लावायला मोठ्या अक्षरांत हवं. असंच्या असं. एक वेलांटी हलवायची नाही.”

“चुकीचं आहे हे ठाऊक असून?”

“आत्ता वचन दिलंत.”

संध्याकाळी सासूबाईंनी टेबलावर पांढरा पुठ्ठा पसरला. मालकांची मनातल्या मनात क्षमा मागितली. लाल पेन्सिलीला नीट टोक काढलं आणि ओठ घट्ट मिटून ‘फ’ला दीर्घ वेलांटी द्यायला घेतली.