कांबळे बाईंचा शेवटचा पेपर

आमच्या परळच्या शाळेतल्या कांबळे बाई इंग्रजी घेऊन एम.ए. करताहेत आणि गेली कित्येक वर्षं शेवटच्या पेपरला हजरच राहत नाहीत. बाकीचे पेपर उत्तम. शेवटच्या दिवशी मात्र काहीतरी होतंच. कधी पोट बिघडतं, कधी नळ फुटतो. वडाळ्याला राहणाऱ्या त्यांच्या भावाचे सासरे तर या पेपरापायी दोनदा वारले.

"अहो बाई, ते मागच्याच वर्षी गेले ना?" मी विचारलं.

"मग? माणूस एकदा गेला की दुःख संपतं का, सावंत सर?"

मी गणिताचा मास्तर, त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. स्टाफरूममध्ये खुर्ची शेजारी, एवढंच.

शिकवणं म्हणाल तर फर्स्ट क्लास. नाटकातला खलनायक वाचताना डस्टर असा आपटतात, की शेजारच्या वर्गात माझे त्रिकोण दचकतात. पण धड्याचं शेवटचं पान कधी शिकवणार नाहीत. "घाई कुणाला आहे? शेवट काय, कधीही वाचता येतो." घाई बोर्डाला असते. मग पोरं बिचारी शेवट गाईडमधून पाठ करतात.

यंदा मात्र गाठ पडली. शाळेच्या वरच्या मजल्यावर आमचंच ज्युनिअर कॉलेज आहे, तिथली इंग्रजीची जागा रिकामी झाली. एम.ए. झालं की जागा बाईंची. शिवाय विद्यापीठाने कळवलं, या वेळी पेपर दिला नाही तर नोंदणी रद्द. हेडसरांनी मला बजावलं, "सावंत, तुम्ही स्वतः नेऊन बसवा त्यांना."

त्या सकाळी मी टॅक्सी घेऊन वरळीला गेलो. बीडीडीची चाळ पाडल्यापासून बाई नव्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर राहतात, एकट्याच. लग्न केलं नाही. आई होती, ती नवीन घर बघायच्या आतच गेली. कडक इस्त्रीची साडी नेसून बाई खाली आल्या आणि मुकाट्याने टॅक्सीत बसल्या.

"काय बाई, आज कोण वारणार?"

त्या हसल्या नाहीत.

"सर, पास झाले तरी माझे रविवार संपले, पेपर नाही दिला तरी संपले."

मला काही कळेना. मग त्याच सांगू लागल्या. "एक पेपर राहिला ना, की वर्षभर पुन्हा रविवारच्या वर्गाला बसता येतं. तिथल्या पोरी विशी-बाविशीच्या. मी पहिल्याच दिवशी सांगते, आंटी म्हणालात तर नोट्स मिळणार नाहीत. मग काय! 'ए शालन, जागा धर ना.' 'शालन, चहाला येतेस का गं?'" पोरींची नक्कल करताना त्यांचा चेहरा खुलला. मग एकदम पडला.

"शाळेत मी बाई. भाऊ ताई म्हणतो, तेही दिवाळीला. टॉवरचा वॉचमन बावीसशे चार म्हणतो. चाळीत आई अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी हाक मारायची. ती गेल्यापासून त्या वर्गाबाहेर मला नावाने कुणी बोलावतच नाही हो."

टॅक्सीतून उतरताना त्यांची पाण्याची बाटली मी हातात घेतली.

परीक्षा केंद्राच्या फाटकावर शिपायाने बाईंना नमस्कार ठोकला. "मॅडम, सुपरव्हायझर लोकांना मागचं गेट."

"मी पेपर लिहायला आलेय," म्हणत त्यांनी हॉल तिकीट दाखवलं आणि चालू लागल्या. त्यांची पाण्याची बाटली माझ्याच हातात राहिली होती.

वाटलं, आज आपण त्यांना नावाने हाक मारावी. मोठ्याने, भर पटांगणात. नाव अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्या पायऱ्या चढू लागल्या आणि मी घाईघाईने ओरडलो,

"बाई! अहो बाई, पाणी!"

त्या वळल्या, बाटली घेतली आणि आत गेल्या.